अंगावर वागवलेला दगड

१९७६ साली चीनच्या हनान प्रांतात, आनयांग शहराजवळ, झेंग झेनशियांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या पथकाला एक थडगं सापडलं. शांग राजांच्या अवाढव्य थडग्यांपुढे ते अगदी बेताचं, पण चोरांच्या नजरेतून निसटलेलं. त्यामुळे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी जसं भरलं तसंच ते हाती लागलं. ते थडगं होतं फू हाओचं. ती वू दिंग राजाची राणी आणि त्याची सेनापतीही. कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर कोरलेल्या त्या काळच्या नोंदींत तिच्या मोहिमांचे उल्लेख येतात. एका नोंदीत तिच्या हाताखालची फौज १३,००० ची आहे. या बाईबरोबर जेडच्या ७५५ वस्तू पुरल्या होत्या. त्यांतला मोठा भाग अंगावर ल्यायचा: हत्ती, अस्वल, वाघ, पोपट, मासे असे बोटभर लांबीचे जीव, आणि बहुतेकांना दोरा ओवण्यासाठी पाडलेलं वेज.

त्यांतल्या काही वस्तू राणीच्या काळातही जुन्याच होत्या. एक आकडेदार लेणं ईशान्येकडच्या होंगशान संस्कृतीच्या घडणीचं आहे, म्हणजे फू हाओच्या जन्माआधी हजाराहून अधिक वर्षं कुणीतरी घासून घडवलेलं. लांब शेपटीचा एक सुंदर फिनिक्स पक्षी आहे. त्याची धाटणी शांग कारागिरांची नसून यांगत्झे खोऱ्यातल्या त्याहून जुन्या शिजियाहे संस्कृतीची वाटते, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. लढाईची लूट, नजराणा की वारसा, कोणत्या वाटेनं ही लेणी तिच्याकडे आली ते कळायला मार्ग नाही. एवढं मात्र दिसतं की जुनं जेड जपून ठेवण्याची आणि पुन्हा अंगावर घालण्याची हौस चीनमध्ये संग्रहालयांच्या कितीतरी आधीची आहे. जेडचा दागिना एका मालकापाशी थांबत नाही. तो हातोहात जातो, आणि जाता जाता प्रत्येक हात त्यात काही ना काही फेरफार करतो.

जेड अंगावर ल्यायच्या हौसेचा आरंभ कानापासून होतो. इनर मंगोलियातल्या शिंगलोंगवा संस्कृतीच्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या दफनांत कवटीच्या दोन्ही बाजूंना जेडची कडी सापडतात. एका जागी चीर दिलेलं हे कडं कानाच्या पाळीत सरकवायचं. चिनी भाषेत त्याला ‘जुए’ म्हणतात. पुढे हांगचौजवळच्या लिआंगझू संस्कृतीत (अंदाजे इ.स.पू. ३३०० ते २३००) जेडवर समाजाची सगळी उतरंड उभी राहिली. तिथल्या याओशान दफनभूमीत कबरींच्या दोन रांगा आहेत. एका रांगेत जेडच्या कुऱ्हाडी, म्हणून त्या कबरी पुरुषांच्या मानल्या जातात. दुसऱ्या रांगेत ‘हुआंग’ नावाची अर्धगोलाकार पदकं आणि सूत कातायच्या चकत्या, त्या बायकांच्या. जेडचा नुसता तुकडा पाहून पुरलेली व्यक्ती कोण, कोणत्या मानाची, हे त्या काळच्या माणसाला लगेच कळत असणार.

हा दगड हट्टी आहे. जुन्या चिनी दागिन्यांतलं जेड म्हणजे नेफ्राइट. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की हातोडीचा घावही तो सहज पचवतो. साध्या पोलादी सुरीनं त्यावर नीट ओरखडाही उठत नाही. म्हणून जेड ‘कोरतात’ असं आपण म्हणत असलो तरी ते खरं तर झिजवावं लागतं. जेडहून कठीण अशी वाळू, कुरुंदाची पूड, पाणी, आणि त्यांना दगडावर फिरवत ठेवणारं काहीतरी: आधी दोरी, बांबूची नळी, दगडी पाते, नंतर पायट्यावर फिरणारी लोखंडी चकती. कापतं ती वाळू, हत्यार फक्त तिला वाहून नेतं. लिआंगझूच्या कारागिरांपाशी धातूचं हत्यार नव्हतं, तरी त्यांनी मिलिमीटरभर जागेत एकाहून अधिक रेषा ओढल्या आहेत. पायट्याच्या यंत्रावर काम कसं चालायचं याची चित्रमालिका १८९१ मध्ये बीजिंगमध्ये रंगवली गेली. अमेरिकी संग्राहक हेबर बिशप यांच्या १९०६ च्या भव्य ग्रंथात ती छापलेली आहे. त्या ग्रंथाच्या प्रती निघाल्या फक्त १००.

जेडच्या तुकड्याचा दागिना होतो तो वेज पडलं की. जाणकार म्हणूनच नक्षीआधी वेज पाहतो. हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवत. जमिनीतून वर येऊन कात टाकणारा हा किडा म्हणजे पुन्हा उगवण्याची खूण. जिभेवरच्या या किड्याला वेज नसतं. पण तसाच किडा डोक्यापाशी आरपार वेज घेऊन आला, तर तो जिवंत माणसानं लटकवण्यासाठी केलेला असतो. आणि वेज नंतरच्या शतकात पाडलेलं असेल, तर कबरीतला किडा कुणाच्या तरी गळ्यात गेला, असा त्याचा अर्थ.

हान काळाचेच आणखी दोन ताईत आजही चिनी माणसाच्या गळ्यात दिसतात, बहुतेक वेळा नकलेच्या रूपात. ‘वेंगझोंग’ म्हणजे लांब झग्यातला छोटा रखवालदार. मोजक्या चिरांत उभा केलेला माणूस: डोळे, दाढी, कमरपट्टा, बस्स. त्याचं वेज डोक्यावरून आत शिरतं आणि दुभंगून दोन्ही कुशींतून बाहेर पडतं, त्यामुळे दोऱ्यावर तो सरळ उभा राहतो. दुसरा ताईत ‘गांगमाओ’: उभं वेज असलेली छोटी चौकोनी कांडी, तिच्या चारी बाजूंवर रोगराईला पळवून लावणारा मंत्र. इ.स. ९ मध्ये हान घराण्याची गादी बळकावणाऱ्या वांग मांगनं गांगमाओवर बंदी घातली. पदच्युत हान राजांच्या ‘लिऊ’ या आडनावाच्या अक्षरात ‘माओ’ हे चिन्ह दडलेलं होतं, आणि ते लोकांच्या कमरेला लोंबताना त्याला चालण्यासारखं नव्हतं. बोटाच्या पेराएवढ्या ताइताचा राजाला धाक वाटला!

हानच्याही आधी, चाऊ काळात, जेडचे सुटे तुकडे एकत्र गाठवले जाऊ लागले. शानशी प्रांतातल्या जिन संस्थानिकांच्या दफनभूमीत एका सरदारपत्नीचा लफ्फा सापडला. जेडची पदकं, नळ्या, अकीक आणि काचसदृश मणी मिळून त्यात २०० हून अधिक नग आहेत आणि तो गळ्यापासून पार गुडघ्यांखाली उतरतो. एवढं वजन लेवून भराभर चालणं शक्यच नव्हतं, आणि चालायचंही नव्हतं. जेडवर जेड आपटलं की स्वच्छ, लांब नाद उमटतो. प्रतिष्ठित माणसाची चाल त्या नादाच्या लयीत असावी, नाद बिघडला म्हणजे चाल बिघडली, अशी अपेक्षा कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ‘लीजी’ या आचारग्रंथात नोंदलेली आहे. कुणी कोणत्या रंगाचं जेड कोणत्या रंगाच्या गोफात ओवावं याचीही तिथे उतरंड आहे. पांढरं जेड सम्राटाचं, सरदारांचं गडद, त्याखालच्यांची आणखी वेगळी. जेड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवा रंग येतो, चीननं मात्र जवळजवळ सगळा इतिहासभर पांढऱ्याला, त्यातही चरबीसारख्या स्निग्ध पांढऱ्याला, पहिला मान दिला.

हे पांढरं जेड यायचं पूर्व तुर्कस्तानातल्या खोतानहून. कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या दोन नद्या, युरुंगकाश आणि काराकाश, पुराबरोबर गोटे आणतात आणि पाणी ओसरलं की लोक ते वेचतात. सोंग यिंगशिंग यानं १६३७ मध्ये लिहिलेल्या उद्योगविषयक ग्रंथात अशी समजूत नोंदवली आहे की चांदण्या रात्री स्त्रिया विवस्त्र होऊन नदीत उतरल्या की जेड त्यांच्याकडे ओढलं जातं. याच बाजाराचं कोरडं, व्यापारी वर्णन गोव्याशी जोडलेल्या एका प्रवाशामुळे उरलं. बेंतो द गोइश हा गोव्यात येशू संघात दाखल झालेला पोर्तुगीज. १६०२ मध्ये आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात तो आग्र्याहून निघाला, काबूल आणि पामीर ओलांडून यारकंदला पोहोचला. वाटेत त्यानं खोतानच्या राजघराण्यातल्या एका स्त्रीला पैसे उसने दिले होते. त्याची वसुली त्याला जेडमध्ये मिळाली. चीनकडे जाणाऱ्या तांड्यांत याहून मोलाचा माल नाही, हे त्याच्या टिपणांतून कळतं. १६०७ मध्ये तो चीनच्या वेशीशी वारला. त्याची विस्कळीत टिपणं जुळवून मात्तेओ रिच्ची या पाद्र्यानं बीजिंगमध्ये त्याचा वृत्तांत सिद्ध केला.

याच सुमारास चीनच्या दक्षिणेकडे, सूचौ शहरात, जेडला पहिल्यांदा कारागिराचं नाव चिकटलं. लू त्झीगांग हा मिंग काळातला सोळाव्या शतकाचा कारागीर. काडेपेटीएवढी सपाट पट्टी, एका अंगाला उठावाचं चित्र, दुसऱ्या अंगाला कवितेच्या ओळी, खाली त्याची सही: हे पदक इतकं गाजलं की सगळा प्रकारच ‘त्झीगांग पट्टी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढल्या ४०० वर्षांत त्याच्या सहीची पदकं अखंड निघत राहिली आहेत. त्यांतलं त्यानं स्वतः केलेलं कोणतं, या प्रश्नावर तज्ज्ञ बहुधा मौन पाळतात. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. त्झीगांगची सही ही नक्षीचाच भाग होऊन बसली.

त्या नक्षीची लिपी बाहेरच्याला उलगडून घ्यावी लागते. पदकावर वटवाघूळ पाहून मराठी माणूस दचकेल. चिनी आईनं मात्र ते मुद्दाम लेकाच्या गळ्यात बांधलेलं असतं, कारण वटवाघळाचा आणि सुभाग्याचा उच्चार एकच. मासा म्हणजे घरात उरून पुरणारं धान्य. पीच म्हणजे दीर्घायुष्य. वेलीला लगडलेले दुधी म्हणजे वंशविस्तार. उत्तरेकडून आलेल्या लिआओ आणि जिन राजवटींच्या शिकारी सरदारांची आवड वेगळी: त्यांच्या कमरपट्ट्यांवर बहिरी ससाणा राजहंसाच्या मानगुटीवर झेपावलेला असतो, भोवती कमळांची जाळी.

या सगळ्या वारशाचा सर्वांत उतावळा वारसदार म्हणजे छिंग सम्राट च्येनलोंग (राज्यकाळ १७३५ ते १७९६). १७५९ मध्ये त्याच्या सैन्यानं खोतानसकट सारा पूर्व तुर्कस्तान जिंकला, आणि तिथलं जेड दरवर्षी खंडणी म्हणून बीजिंगला येऊ लागलं. जेडवर त्यानं ८०० च्या आसपास कविता केल्या आणि त्यांतल्या कित्येक प्रत्यक्ष जुन्या जेडवर कोरवून घेतल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्या संग्रहातली एक ‘बी’ आहे: मध्ये भोक असलेली जेडची चकती, तेव्हाच सुमारे ३,००० वर्षं जुनी. सम्राटाला ती वाडगा ठेवायची बैठक वाटली. तसं सांगणारी कविता त्यानं १७९० मध्ये तिच्यावर कोरवली आणि वर ठेवायला एक वाडगाही शोधला. तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये लिआंगझूचा एक चौकोनी ‘त्सोंग’ आहे, त्यावरची सम्राटाची कविता उलटी आहे; म्हणजे कविता सुलटी वाचायची तर वस्तू पालथी धरावी लागते. आज कुणी असं केलं तर फौजदारी होईल. च्येनलोंग मात्र फू हाओसारखाच वागत होता. जुनं जेड हाती आलं, आता ते आपलं झालं.

त्याला हिंदुस्थानी जेडचंही वेड लागलं. मुघल कारखान्यांत खोतानच्याच नेफ्राइटच्या वाट्या, खंजिरांच्या मुठी, अंगठ्या घडत होत्या. कागदासारखे पातळ काठ, अकॅन्थसची पानं, सोन्याच्या तारेत बसवलेली माणकं. हा माल च्येनलोंगकडे पोहोचला तेव्हा त्यानं १७६८ मध्ये ‘हिंदुस्थान’ नेमका कुठे यावर चक्क शोधनिबंध लिहिला, आणि आपल्या कारागिरांना तशा पातळ वस्तू करायला लावल्या. दोन्ही दरबारांची जुळणी दिसते ती अंगठ्यावर. धनुष्याची दोरी खेचताना अंगठा सोलू नये म्हणून घालायचं जेडचं वेढं दोन्हीकडे आधी हत्यार होतं, मग दागिना झालं. मुघल वेढ्याला पुढे ओठासारखी चोच असते. छिंग दरबाराचं, म्हणजे मांचू, वेढं सरळ नळीसारखं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात शाहजहानचा किताब कोरलेलं असं एक वेढं आहे. मांचू सरदार पुढे धनुष्य विसरले, वेढी मात्र अंगठ्यावर राहिली. त्याच दरबारात अधिकाऱ्यांच्या गळ्यात १०८ मण्यांची माळ सक्तीची होती. बौद्ध जपमाळेतून आलेली ती माळ भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. तिथे मात्र तिच्या मण्यांवरून हुद्दा कळत असे.

मग रंग बदलला. अठराव्या शतकात ब्रह्मदेशातून युन्नानमार्गे वेगळाच दगड मोठ्या प्रमाणावर येऊ लागला: झगझगीत हिरवा, काचेसारखी चमक असलेला. चिनी भाषेत ‘फेइत्सुई’. हे नेफ्राइट नव्हे, हे वेगळंच खनिज आहे, हे फ्रेंच रसायनतज्ज्ञ दामूर यानं १८६३ मध्ये सिद्ध केलं आणि त्याला जेडाइट नाव दिलं. जेडाइट अधिक कठीण आणि अधिक जड, नेफ्राइट अधिक चिवट. सम्राज्ञी त्सिशीनं हिरव्यालाच पसंती दिली आणि साऱ्या चीननं तिच्यामागून जाऊन मनगटात हिरवी कांकणं चढवली. तिच्या थडग्यातलं जेड १९२८ मध्ये सुन द्येनयिंग या लष्करशहाच्या शिपायांनी लुटून नेलं.

जेडचं कांकण अखंड दगडातून काढतात. त्याला फासा नाही, मळसूत्र नाही, त्यामुळे साबण किंवा तेल लावून, अंगठ्याचं हाड आत दाबून ते चढवावं लागतं. तरुणपणी चढवलेलं कांकण पुढे उतरतच नाही. सिंगापूर, पिनांग, हाँगकाँगच्या अनेक म्हाताऱ्या मनगटांवर अशी कांकणं आहेत. कांकण वाढलं तर घालणारीवरची इडापिडा त्यानं स्वतःवर घेतली असं मानतात, आणि तुकडे सोन्याच्या पट्ट्यांनी जोडून पुन्हा घालतात. अंगाच्या उबेनं, घामानं, स्पर्शानं जेड उजळतं यावर लोकांचा ठाम विश्वास आहे. संग्राहकांनी या हाताळणीचेही प्रकार पाडले आहेत. सौम्य पद्धत म्हणजे वर्षानुवर्षं अंगावर वागवणं. लष्करी पद्धत म्हणजे नोकर बसवून रात्रंदिवस कापडानं घासून घेणं. आणि तिसरी, मानसिक: हातात धरून नुसतं चिंतन करणं.

विसाव्या शतकाच्या आरंभी छिंग राजवट कोसळली, सरदारघराणी कंगाल झाली आणि त्यांच्या पेट्या बाजारात आल्या. कमरपट्ट्याचे आकडे, ज्यांवर मोठा ड्रॅगन मान वळवून पिल्लाकडे पाहत असतो, पाश्चात्त्य बायकांच्या ब्रोचमध्ये आणि कागद कापायच्या सुऱ्यांच्या मुठींत जाऊन बसले. पॅरिसच्या कार्टिए पेढीनं जुने कोरीव तुकडे हिरे-माणकांच्या कोंदणात बसवले. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे बर्थोल्ड लाउफर १९१२ मध्ये जेडवरचा आपला ग्रंथ छापत होते, त्याच काळात तसलेच जुने तुकडे पेढ्यांवर दागिन्यांत बसवले जात होते. १९३३ मध्ये बार्बरा हटन या अमेरिकी वारसदार मुलीला लग्नात २७ जेडाइट मण्यांचा सर मिळाला. ते मणी छिंग दरबाराच्या माळेतले असावेत असा अंदाज आहे. फासा कार्टिएनं केलेला. २०१४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या लिलावात तोच सर कार्टिएनंच २१ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलरना परत घेतला.

एवढी किंमत म्हटल्यावर नकलाही तेवढ्याच. जुनं भासवण्यासाठी नवं नेफ्राइट भाजतात, आम्लात बुडवतात, रंगवतात, कबरीतल्या मातीचे डाग हुबेहूब आणतात. जेडाइट आम्लानं धुऊन त्याच्या चिरांत राळ भरतात. बाजारात त्याला ‘बी’ प्रतीचा माल म्हणतात, रंग दिलेल्याला ‘सी’ प्रतीचा. ब्रिटिश म्युझियमच्या मार्गारेट सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरीव चरांचे रबरी ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत बसवली. वाळूनं झिजवलेला चर आणि हिऱ्याच्या फिरत्या टोकानं कापलेला चर तिथे वेगळा दिसतो. वेजही बोलतं. जुनं वेज दोन्ही बाजूंनी पाडत आणल्यामुळे मध्ये जराशी पायरी राहते, आणि दोऱ्याचा ताण पडतो त्या कडेला ते गुळगुळीत झिजलेलं असतं. आतून सरळसोट, एकसारखं वेज संशय वाढवतं. बाजाराच्या रीती मात्र जुन्याच आहेत: क्वांगतुंगकडचे दलाल बाहीत हात घालून बोटांनी भाव ठरवत आले, आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली ठरतो तसाच. १९११ पूर्वीच्या पुरावस्तू चीनबाहेर नेण्यास आता बंदी आहे. त्यामुळे परदेशी दुकानांत ‘प्राचीन’ म्हणून मांडलेल्या तुकड्याकडे तो केव्हा आणि कोणत्या वाटेनं बाहेर पडला याचे कागद असायला हवेत.

‘बी’ चकतीचा आकार मात्र कागदांशिवायही देशोदेशी गेला आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची पदकं याच चकतीवरून बेतली होती. मागच्या बाजूला जेडचं कडं जडवलेलं, वर फितीसाठी जुन्या धाटणीच्या ड्रॅगनची कडी. जेड आलं होतं छिंगहाय प्रांतातून, कुनलुनच्याच रांगांतून. सुवर्णाला पांढरं, रौप्याला फिकट हिरवट, कांस्याला गडद, म्हणजे मानाचा क्रम ‘लीजी’तल्यासारखाच पांढऱ्यापासून सुरू. त्या ऑगस्टमध्ये दहा मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्रा यानं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, कुस्तीत सुशील कुमार आणि मुष्टियुद्धात विजेंदर सिंग यांनी कांस्य. पांढऱ्या जेडचं एक कडं आणि गडद जेडची दोन अशी तिघांच्या गळ्यात पडून भारतात आली.